सावलीतला उन्हाळा

१८ मे २०२५, रविवार. शाळांना सुट्ट्या लागलेल्या. पहाटे चारच्या आधीच सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरल्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. मालकाचं बिऱ्हाड कारखान्याच्या आवारातच होतं. घरातली माणसं आणि कामगार मिळून आठ जणांचा त्यात अंत झाला. त्याच सकाळी हैदराबादेत, चारमिनारला खेटून असलेल्या गुलजार हौज भागात एका जुन्या घराला आग लागली. खाली दागिन्यांची दुकानं, वर राहतं घर. सुट्टीमुळे घर पाहुण्यांनी भरलेलं. सतरा जण गेले, त्यात आठ मुलं होती. आणि त्याच दिवशी आंध्र प्रदेशातल्या विजयनगरम जिल्ह्यात, द्वारपुडी गावात, खेळता खेळता चार मुलं रस्त्याकडेच्या मोटारीत शिरली. दारं लागली, ती उघडली नाहीत. चौघंही गुदमरून गेली.

तिन्ही बातम्या भर उन्हाळ्यातल्या, पण एकाही ठिकाणी माणूस उन्हात उभा नव्हता.

उन्हाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डांबरी रस्ता, डोक्याला दुपट्टा आणि बाराचं ऊन येतं. दहा वाजल्यानंतर बाहेर पडू नका, टोपी घाला, पाणी प्या हे सल्ले खरेच आहेत. पण ऊन निदान दिसतं, चटका देतं, आत पिटाळतं. त्याच्यापासून पळून माणूस जिथं जातो ती जागा, म्हणजे एसीची खोली, कूलरसमोरची सतरंजी, झाडाखालचा पार, पत्र्याची शेड, गाडीची मागची सीट, शेततळ्याचा काठ, तिथं तो बेसावध असतो. उन्हाळ्यातले कितीतरी अपघात या सावलीतच होतात.

आपल्याकडे उन्हाळा हा बेगमीचा काळ. पापड, कुरडया, सांडगे, वर्षाचं तिखट, लोणच्याच्या बरण्या, सगळं आटोपायचं ते पावसाळ्यासाठी. गंमत अशी की ज्या ऋतूत ही सगळी तयारी चालते, त्या ऋतूचीच तयारी करायची राहून जाते. माळ्यावरून कूलर खाली येतो, पुसला जातो आणि थेट प्लगला लागतो. त्याची वायर उंदरांनी कुरतडली आहे का, हे पाहायला कुणाला सवड असते?

आगीपासूनच सुरुवात करू. आगीत माणूस जळून मरतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. घरातल्या आगीत बहुतेकदा ज्वाळा पोहोचण्याआधीच धूर काम उरकतो. गादीतला फोम, सोफा, पडदे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या पेटल्या की काही मिनिटांत खोली काळ्या धुराने भरते. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतल्या माणसाला जाग येण्याआधीच भोवळ येते. गुलजार हौजमध्ये बहुतेकांचा जीव या धुरानेच घेतला. घराला आत-बाहेर करायला एकच अरुंद वाट होती आणि आग तिच्याच बाजूला, खाली लागली होती.

हे वाचून हळहळणाऱ्या मुंबई-पुणे-ठाण्याच्या माणसाने एकदा स्वतःच्या गॅलरीकडे पाहावं. चोरापासून, कबुतरांपासून, लहान मुलांच्या काळजीपोटी आपण घराला लोखंडी पिंजरा करून घेतलेला असतो. त्या ग्रिलमध्ये कुंड्या, जुनी सायकल, रद्दी आणि पाण्याचे ड्रम. दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये चपलांचं कपाट. जिन्यात शेजाऱ्यांची मोडकी खाट. आणि सुट्टीत पोरं गच्चीवर दंगा करतात म्हणून सोसायटीने गच्चीच्या दाराला लावलेलं कुलूप, ज्याची किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी मे महिनाभर गावाला. अग्निशमन दलाची शिडी बाहेरून आली तरी आतल्या माणसाला बाहेर काढायचं कुठून?

उपाय साधा आहे आणि फॅब्रिकेशनवाला तो अर्ध्या दिवसात करून देतो: ग्रिलचा माणूस बाहेर पडेल एवढा एक भाग बिजागऱ्यांवर उघडणारा करून घ्यायचा. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली बाहेरच्याचा हात पोहोचणार नाही पण घरातल्या शाळकरी मुलालाही सापडेल अशा खिळ्याला टांगायची. बँकेच्या लॉकरच्या किल्लीसारखी कपाटात जपून ठेवलेली किल्ली आगीच्या वेळी सापडत नाही.

आग लागलीच, तर धूर वर चढतो आणि श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते. म्हणून उभ्याने धावायचं नाही, गुडघ्यांवर रांगत दाराकडे जायचं. दार उघडण्याआधी त्याला हाताची मागची बाजू लावून पाहायची. गरम लागलं तर पलीकडे आग आहे, ते दार उघडायचं नाही. फटीत ओले टॉवेल कोंबायचे, खिडकीशी जाऊन हाका मारायच्या, १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. बाहेर पडता आलं तर मागचं दार ओढून घ्यायचं, कारण बंद दार धुराला बराच वेळ थोपवतं. लिफ्टकडे मात्र वळायचंच नाही. अंगावरचा कपडा पेटला तर पळायचं नाही, पळण्याने वारा मिळतो. जमिनीवर पडून लोळायचं. घरात वावरताना घालायचे झुळझुळीत सिंथेटिक गाऊन वितळून कातडीला चिकटतात. गॅससमोर सुती कपडे घालणाऱ्या आज्या चुकत नव्हत्या.

सुट्टीतली दुसरी जागा म्हणजे मुलांच्या करमणुकीची. २५ मे २०२४ च्या शनिवारी संध्याकाळी राजकोटच्या एका गेम झोनमध्ये गर्दी होती, कारण त्या दिवशी तिकीट अवघं ९९ रुपये होतं. पत्र्याचा मांडव, आत फोमची आवरणं, साठवलेलं इंधन, आणि शेजारीच चाललेलं वेल्डिंग. त्या ठिकाणाला अग्निशमन दलाचा ना हरकत दाखलाही नव्हता. ठिणगी पडली आणि सत्तावीस जण गेले, मुलांसकट. तिकीट काढताना बापाने दाखला मागावा अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण आत शिरल्यावर बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे एवढं पाहायला अर्धं मिनिट लागतं. ती दिसली नाही, किंवा तिला खुर्च्या रचून ठेवलेल्या दिसल्या, तर मुलांचा रडका चेहरा सोसून परत फिरावं.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा कायदा २००६ सालचा आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे, तिथली यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, ‘नमुना ब’, परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. अनेक सोसायट्यांत ते कागदोपत्री व्यवस्थित असतं आणि जिन्यातल्या लाल पेटीतला पाण्याचा पाइप मात्र कधीच गायब झालेला असतो. वार्षिक सभेत पार्किंगवरून दोन तास भांडणाऱ्या सभासदांपैकी एखाद्याने ती पेटी उघडून दाखवा म्हणायला हरकत नाही.

आग लागते ती मुळात कशाने? उन्हाळ्यात बहुतेकदा संशय विजेवर येतो आणि पंचनाम्यात ‘शॉर्ट सर्किट’ असे दोन शब्द लिहिले जातात. त्यामागची गोष्ट अशी. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात तयार होणारी उष्णता चौपट होते. ट्यूबलाइट, पंखे आणि एक फ्रिज एवढ्यासाठी वीस-तीस वर्षांपूर्वी घातलेल्या वायरिंगवर आता दीड टनाचे दोन एसी, गीझर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन चालतात. दीड टनाचा एक एसी साधारण सात-आठ अँपिअर ओढतो, तोही रात्रभर. बाहेर हवाही तापलेली, त्यामुळे भिंतीतली तार निवत नाही. वरचं आवरण हळूहळू कडक होतं, तडकतं. ज्या रात्री ते सुटतं ती रात्र नेमकी सगळ्यांत उकाड्याची असते.

एमसीबी हा छोटा खटका याच कारणासाठी असतो: तार झेपेल त्यापेक्षा जास्त प्रवाह गेला की तो पडतो. तो वारंवार पडू लागला की आपण इलेक्ट्रिशियनला बोलावतो, आणि काही इलेक्ट्रिशियन त्या जागी मोठा एमसीबी बसवून देतात. मग खटका पडत नाही, घरमालक खूश. जुन्या घरांत फ्यूजमध्ये जाड तार घालण्याचा जो उद्योग चालायचा, त्याचाच हा नवा अवतार. पहारेकऱ्याने आरडाओरडा केला म्हणून त्याचंच तोंड बांधण्यातला हा प्रकार. एसीला बोर्डपासून वेगळी, पुरेशी जाड तार आणि सोळा अँपिअरचा प्लग हवा. एक्स्टेन्शनच्या पट्टीवर एसी, कूलर किंवा हीटर कधीच नको. प्लग हाताला गरम लागणं, बोर्डावर तपकिरी डाग, जळकट वास, एसी सुरू होताच दिवे मंद होणं, या खुणा तार आधीच देत असते.

यात अलीकडे विजेच्या दुचाकीची भर पडली आहे. मार्च २०२२ मध्ये वेल्लोरला रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या अशा गाडीने पेट घेतला आणि धुराने बाप-लेक दोघंही गेले. बॅटरी घरात येण्याच्या वाटेवर, जिन्याखाली किंवा झोपायच्या खोलीत चार्ज करू नये. उन्हातून आणलेली बॅटरी निवल्याशिवाय प्लगला लावू नये. आणि कंपनीने दिलेला चार्जर सोडून गल्लीतला स्वस्त चार्जर वापरू नये.

विदर्भात मात्र उन्हाळ्याची सगळ्यांत ओळखीची वीज-दुर्घटना एसीची नसते, कूलरची असते. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या घरांत खिडकीला लावलेला लोखंडी कूलर म्हणजे घरातला एक सदस्यच. चार महिने राबतो, आठ महिने पडून राहतो. त्याच्या तळाशी पाणी, पाण्यात विजेचा पंप, भोवती लोखंडी पेटी, खाली ओली फरशी आणि तिच्यावर अनवाणी पाय. पंपाच्या वायरचं आवरण एका जागी जरी फाटलं तरी सगळा पत्रा जिवंत होतो. पाणी घालायला गेलेली गृहिणी किंवा गार वाऱ्यासाठी कूलरला बिलगलेलं पोर, अशा बातम्या दर एप्रिल-मे महिन्यात छापून येतात. वाईट म्हणजे वाचवायला धावलेला दुसरा माणूसही तिथंच चिकटतो.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. घरात एमसीबी आहे म्हणजे शॉक बसणार नाही असं नाही. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. माणसाच्या हृदयाची लय बिघडवायला जेवढा प्रवाह पुरतो तेवढ्याने एमसीबी हलतसुद्धा नाही. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, ज्याला आपल्याकडे पुष्कळजण अजून ईएलसीबी म्हणतात. वीज जेवढी गेली तेवढीच परत येते का, एवढंच तो पाहतो; फक्त ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तरी क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं एक बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबलं की खटका पडला पाहिजे. पडला नाही तर ते निव्वळ शोभेचं आहे.

कूलरला तीन पिनांचाच प्लग आणि घराला खरंखुरं अर्थिंग असावं. पाणी भरताना नुसता स्विच बंद करून भागत नाही, पिन बाहेर काढायची. कारण वायरिंग उलटसुलट असलं तर स्विच बंद असूनही वीज आत राहते. कुणाला शॉक बसलेला दिसला तर हात लावण्याआधी मेन स्विच. तो जवळ नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने माणसाला बाजूला ढकलावं. महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२ आहे. घरावरून लोंबणारी तार दिसली तर वादळाची वाट न पाहता तिथं कळवावं. ऊस पट्ट्यातल्या शेतकऱ्याला तर हे सांगायला नको: वाऱ्याने दोन तारा एकमेकींना घासल्या की ठिणग्या पडतात आणि उभा फड जळतो.

स्वयंपाकघराचं थोडक्यात. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळला तर तो वर जात नाही, ओट्याखाली आणि जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो. तो कुजकट वास मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा. वास आला की दिव्याचा किंवा एक्झॉस्ट फॅनचा स्विच चालूही करायचा नाही आणि बंदही नाही, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, माणसं बाहेर, आणि फोन बाहेर आल्यावर १९०६ ला. नारिंगी रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते; तिच्यावर साल छापलेलं असतं. मे महिन्यात वर्षभराचं तळण निघतं तेव्हा कढईतलं तेल पेटलं तर त्यावर पाणी ओतू नये. पाण्याची वाफ होताना ते सतराशे पट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. गॅस बंद करून कढईवर ताट झाकलं की आग विझते. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी सोडावं. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यांतलं काहीही नको.

आता उन्हाकडे. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं उघड्यावर बसली होती, मंडप फक्त व्यासपीठावर. सरकारी आकड्यानुसार उष्माघाताने चौदा जण दगावले. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. चंद्रपूरचा माणूस ३८ अंशाला गारवा म्हणेल. मग खारघरला माणसं का गेली?

उत्तर दमटपणात आहे. घाम येतो म्हणून शरीर थंड होत नाही. घाम वाळतो म्हणून थंड होतं. विदर्भातल्या कोरड्या हवेत तो झटकन उडतो. कोकणपट्टीत हवा आधीच पाण्याने भरलेली, तिथं तो अंगावरून नुसता ओघळतो आणि शरीराचं तापमान वाढतच राहतं. म्हणूनच हवामान खातं किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेचा निकष मैदानी भागापेक्षा खाली धरतं: मैदानात किमान ४० अंश, किनाऱ्यावर ३७, आणि शिवाय नेहमीच्या तापमानापेक्षा साडेचार अंशांची वाढ. नुसता पारा पाहून निर्धास्त होणं मुंबईकराला परवडणारं नाही. आणि उलट बाजूने, नुसता पारा पाहून घाबरण्यातही अर्थ नसतो. मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंश तापमान झाल्याची बातमी देशभर फिरली. हवामान खात्याने नंतर सांगितलं की यंत्राचा सेन्सरच बिघडला होता.

या बाबतीत अहमदाबादकडून शिकण्यासारखं आहे. मे २०१० च्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये महापालिकेने उष्णतेशी लढायचा आराखडा केला, दक्षिण आशियातला तो पहिला. आधी सूचना, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, झोपडपट्टीतल्या पत्र्याच्या छपरांना पांढरा रंग अशी ती कामं. पुढे नागपूरनेही तोच रस्ता धरला. छताला चुन्याचा पांढरा हात देणं ही काही महागडी गोष्ट नाही, आणि पत्र्याच्या घरात दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत ती टोपीपेक्षा जास्त कामाची आहे. कारण ऊन टळलं तरी पत्रा रात्रीपर्यंत तापलेला राहतो, आणि शरीराला सावरायला रात्रीचा गारवा मिळाला नाही की दुसऱ्या दिवशीचं ऊन दुप्पट बाधतं. हवा चाळीस अंशांच्या वर गेली की पंखाही गार करत नाही, तापलेला वारा अंगावर फेकतो. तेव्हा अंग ओलं करून मग पंख्याखाली बसावं.

ऊन लागणं आणि उष्माघात यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. चक्कर, मळमळ, पायात गोळे, डोकेदुखी, इथपर्यंत सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचं पाणी पुरतं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं हे साधं पाणी. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच द्रावणाने पटकीच्या रुग्णांचे जीव वाचवले होते. ताक, पन्हं, कोकम सरबत चिमूटभर मीठ घालून उत्तमच. पण माणूस बरळू लागला, तोल सांभाळेना, फिट आली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलेलं असतं आणि मेंदू शिजत असतो. अंग कोरडंच पडलं पाहिजे असं नाही. शेतात राबणाऱ्याला, पळणाऱ्याला घामाने डबडबलेल्या अवस्थेतही उष्माघात होतो. अशा वेळी १०८ ला फोन करून रुग्णवाहिकेची वाट पाहत बसायचं नाही, आधी गार करायला लागायचं: कपडे सैल, अंगावर पाण्याच्या बादल्या, ओली चादर, वारा, काखेत, जांघेत आणि मानेला बर्फ. तापाची गोळी इथं काहीच करत नाही. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसात जातं. खिशातल्या कांद्यावर कुणाची श्रद्धा असेल तर असू द्यावी, पण दुसऱ्या खिशात पाण्याची बाटली हवी.

मोटारीचं पुन्हा सांगितलं पाहिजे, कारण द्वारपुडीची घटना एकटी नाही. जून २०२३ मध्ये नागपुरात घराजवळ उभ्या असलेल्या गाडीत तीन लहान मुलं मृत सापडली. आदल्या दिवसापासून सगळे त्यांना इतरत्र शोधत होते. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला एका भंगार गाडीत भावंडांची जोडी अशीच गेली. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात वीसेक अंशांनी चढतं, आणि त्यातली बरीच वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. गाडी घरापुढे असली तरी कुलूपबंद असावी, किल्ली मुलांच्या हाती लागू नये, आणि मूल दिसेनासं झालं की विहिरीच्या बरोबरीने आजूबाजूच्या गाड्याही पहिल्या पाच मिनिटांत पाहाव्यात. मुलांना हॉर्न दाबत राहायला शिकवावं; तो बहुतेक गाड्यांत किल्लीशिवाय वाजतो.

एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारनंतर वळवाचं आभाळ येतं, वारं सुटतं आणि माणूस आडोसा शोधतो. ९ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी अकोला जिल्ह्यातल्या पारस इथं बाबूजी महाराज मंदिराच्या पत्र्याच्या शेडखाली भाविक असेच थांबले होते. वादळात शेजारचा जुना कडुनिंब शेडवर कोसळला आणि सात जण गेले. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला धुळीच्या वादळात १२० फूट लांब-रुंद जाहिरात फलक पेट्रोल पंपावर आडवा झाला. पावसापासून बचावायला आणि पेट्रोल भरायला थांबलेली माणसं त्याखाली सापडली. सतरा मृत्यू. वादळात पत्रा, फलक, जुनं झाड आणि विजेचा खांब यांच्यापासून लांब, पक्क्या इमारतीत जावं. पाच मिनिटं भिजलं तर बिघडत नाही.

वीज पडण्याने देशात दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात. विदर्भ-मराठवाड्यात त्यांत शेतकरी, मजूर आणि गुराखी जास्त, आणि त्यांतले पुष्कळजण झाडाखाली आसऱ्याला गेलेले. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे, काम सोडून पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या गाडीत जावं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. उघड्या रानात अडकलं तर पाय जुळवून उकिडवं बसावं. आडवं पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे मोफत ॲप आसपास वीज पडण्याची सूचना आधी देतं. शेतावर जाणाऱ्या घरातल्या एका तरी फोनमध्ये ते असावं.

पाण्यात बुडणारी मुलंही सुट्टीतलीच. पूर्वी पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून, काठावर चुलत्याला बसवून विहिरीत पोहणं शिकवलं जायचं. आता चुलता शहरात असतो आणि गावाला आलेल्या मुलांना शेततळं दिसतं. वरून निळंशार, पण प्लॅस्टिकच्या अस्तरावर शेवाळ चढल्याने काठ साबणासारखा निसरडा. आत घसरलेला पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. अनेक तळ्यांना कुंपण नाही, दोर नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडून ठेवायला फारसा खर्च येत नाही. बुडणाऱ्यामागे उडी टाकू नये. दोर, साडी, बांबू किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा. एकामागोमाग दोघं-तिघं भावंडं बुडाल्याच्या बातम्या अशा उडीतूनच येतात.

कोकणात हाच काळ राब भाजण्याचा. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना दुपारचा वारा फिरला की आग बांध ओलांडते आणि शेजारच्या काजू-आंब्याच्या बागेत शिरते. दहा-पंधरा वर्षं जोपासलेली कलमं एका दुपारी कोळसा होतात. गडचिरोलीकडे मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि तोच वणवा होतो. झाडून काढलेला पाचोळा किंवा झाडाखाली पसरलेली जाळी हे काम आगीशिवाय करते. भाजायचंच असेल तर पहाटे, शेजाऱ्याला सांगून, भोवती जाळरेषा काढून आणि पाण्याचा पंप हाताशी ठेवून.

आगीशी लढणाऱ्यांची आठवणही याच ऋतूतली. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. आत कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही. ती विझवताना झालेल्या स्फोटांत मुंबई अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. या काळात जवान शाळांमध्ये आणि वसाहतींमध्ये प्रात्यक्षिकं दाखवतात. जवळच्या केंद्राला आधी पत्र देऊन आपल्या सोसायटीतही बोलवावं, आणि त्यांची गाडी आत यायला जागा लागते म्हणून फाटकातल्या दुचाकी आदल्या दिवशीच हलवून ठेवाव्यात.